मोठ्या भांड्याची सवय सोडताना

अंबरनाथ, डोंबिवली, महाड या पट्ट्यातल्या कारखान्यांत माझी सगळी नोकरी झाली. रंगांची आणि औषधांची इंटरमीजिएट, म्हणजे मधल्या टप्प्यांची रसायनं, बनवणं हे काम. आधीची वर्षं जीएलआरच्या, म्हणजे आतून काचेचा मुलामा दिलेल्या मोठ्या रिॲक्टरच्या मॅनहोलशी उभं राहण्यात गेली. नंतरची वर्षं फ्लोमध्ये, म्हणजे तेच रसायन बारीक नळीतून अखंड वाहतं ठेवण्यात गेली. शुद्ध आणि उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययूपॅकने, 2019 साली रसायनशास्त्रातल्या दहा उगवत्या तंत्रांची यादी काढली. तिच्यात फ्लो केमिस्ट्रीचं नाव होतं. तेव्हापासून कारखानदार, नव्याने लागलेले केमिस्ट, कॉलेजची मुलं, सगळे मला एकच विचारतात : ‘‘फ्लो लावला की प्रदूषण संपतं का हो?’’

नाही संपत. पण मोठ्या भांड्यापायी आपण कितीतरी तडजोडी अंगवळणी पाडून घेतल्या आहेत. थेंबाथेंबाने ओतायचं, बर्फ टाकायचा, पातळ करायचं, करून ठेवायचं. यातल्या बऱ्याच गोष्टी नळीत कराव्या लागत नाहीत. त्या सोडल्या तर प्रदूषण घटतं. त्या तशाच ठेवून नुसती नळी बसवली तर फक्त खर्च वाढतो. हे सूत्र धरून, कामातून जे पटलं ते क्रमाने सांगतो.

1. आठ तास रसायनाला लागत नाहीत, भांड्याला लागतात

नायट्रेशनच्या, म्हणजे रेणूवर नायट्रो गट बसवण्याच्या, बॅचशीटमध्ये नायट्रेटिंग मिक्श्चर (आम्लांचं मिश्रण) सोडायलाच सात-आठ तास लिहिलेले असतात. ऑपरेटर व्हॉल्व्हवर हात आणि तापमानावर डोळा ठेवून बसतो. पारा दोन-चार अंश चढला की व्हॉल्व्ह बंद करायचा, जॅकेटमध्ये ब्राइन पूर्ण सोडायचं, पारा उतरला की पुन्हा थोडं आम्ल सोडायचं. रिॲक्शन स्वतः मात्र बहुतेक वेळा सेकंदांची, फार तर मिनिटांची असते. उरलेले सगळे तास उष्णता बाहेर काढण्यात जातात.

बशीतला चहा लगेच निवतो, किटलीतला तासभर गरम राहतो. इथेही तेच. 1 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत दर घनमीटर द्रवाला 4,000 चौरस मीटर भिंत मिळते. 5,000 लिटरच्या रिॲक्टरमध्ये ती जेमतेम अडीच-तीन चौरस मीटर असते. म्हणजे हजार पटींहून अधिक फरक. दर लिटरला 2 मोल कच्चा माल आणि दर मोलला 150 किलोज्यूल उष्णता धरा. लिटरमागे 300 किलोज्यूल झाले. हा सगळा माल एकदम टाकलेला असेल आणि कूलिंग गेलं, तर मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास चढू शकतं. मोठ्या भांड्यात या भीतीने आपण हळू ओततो. नळीत दोन्ही प्रवाह पूर्ण वेगाने भेटले तरी उष्णता तिथल्या तिथे भिंतीतून निघून जाते.

तेव्हा फ्लोचा विचार करताना पहिला प्रश्न हा : आपल्या बॅचशीटमधले किती तास खरोखर रसायनाचे आहेत?

2. साठा हाच धोका

भोपाळमध्ये 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री ज्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट सुटलं, तिच्यात ते सुमारे 40 टन होतं. तो विकायचा माल नव्हता. कार्बारिल या कीटकनाशकाच्या वाटेवरचं ते इंटरमीजिएट होतं, पुढच्या टप्प्यासाठी करून ठेवलेलं. त्यानंतर हेच रसायन लागेल तेवढं बनवून लगेच पुढच्या रिॲक्शनमध्ये खपवण्याच्या पद्धती आल्या. ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश सुरक्षातज्ज्ञांचं आयुष्यभराचं सांगणं हेच होतं : जे आवारात नाहीच, ते गळणार कुठून?

मात्र ‘कंटिन्यूअस म्हणजे सुरक्षित’ हेही डोक्यातून काढून टाका. 1 जून 1974 रोजी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोला स्फोट होऊन 28 माणसं गेली. तो प्लँट कंटिन्यूअसच होता. तिथे सायक्लोहेक्झेनचं ऑक्सिडेशन ओळीने लावलेल्या सहा मोठ्या रिॲक्टरांत चाले. दर फेरीत थोडाच भाग रूपांतरित होई, म्हणून उकळबिंदूच्या वर तापवलेलं सायक्लोहेक्झेन दाबाखाली टनांनी फिरत राही. तडकलेला एक रिॲक्टर काढून त्या जागी तात्पुरता पाइप जोडला होता. तोच निसटला.

म्हणून मी नेहमी विचारतो की या क्षणी आत किती माल आहे. अर्ध्या लिटरच्या नळीत काही बिघडलं तर अर्धा लिटर बिघडतं. डोंबिवलीकरांना 2016 च्या आणि 2024 च्या मे महिन्यातले कारखान्यांतले स्फोट विसरता येणार नाहीत. कारखान्याला खेटून वस्ती असलेल्या आपल्या एमआयडीसींमध्ये हा मुद्दा हिरवेपणाच्याही आधी येतो.

3. बर्फाचा हिशेब ईटीपीत निघतो

ॲझो रंग बनवणाऱ्या कारखान्यात सकाळी टेम्पोतून बर्फाच्या लाद्या उतरतात. त्या फोडून थेट व्हॅटमध्ये टाकतात. डायाझोनियम क्षार 0 ते 5 अंशांवर ठेवावा लागतो. तापला तर नायट्रोजन सोडत विघटित होतो, कोरडा पडला तर स्फोटक होतो. बर्फ त्याला सांभाळतो, पण नंतर तो जातो कुठे? वितळून, रंग आणि मीठ अंगावर घेऊन, सरळ ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत. 3 टन बर्फ म्हणजे 3,000 लिटर जादा सांडपाणी. उत्पादनाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण शुद्धीकरणाचा खर्च तेवढाच.

फ्लोमध्ये थंडावा भिंतीतून येतो, द्रवात काही टाकावं लागत नाही. शिवाय डायाझोनियम तयार झाल्यावर अर्ध्या-एक मिनिटात त्याची कपलरशी, म्हणजे रंगाच्या दुसऱ्या घटकाशी, गाठ पडते. साठवायचंच नसेल तर इतकं गारठवायचीही गरज उरत नाही. पुष्कळदा चिलरचं साधं थंड पाणी पुरतं. पाण्यात विरघळणाऱ्या रंगांचं हे काम पारदर्शक टेफ्लॉनसारख्या नळीत उघड दिसतं. टी-जोडापर्यंत दोन फिकट द्रव येतात, आणि जोडाच्या पुढे बोटभर अंतरात नळी गडद लाल होते. त्या लालीची सुरुवात जागच्या जागी राहिली की समजावं, सगळं नीट चाललंय. ती पुढे सरकू लागली की एखादा पंप कमी पडतोय.

4. नळी बारीक म्हणून आपोआप मिसळत नाही

नळीतला प्रवाह बहुधा थरांचा असतो. रेनॉल्ड्स आकडा 2,100 च्या खाली, खळबळ नाही. दोन द्रव शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने वाहत जातात. नुसत्या विसरणाने 1 मिलिमीटर अंतर कापायला छोट्या रेणूलाही आठ-दहा मिनिटं लागतात. अंतर दहावा हिस्सा केलं तर वेळ शंभरावा हिस्सा होतो, म्हणजे पाचेक सेकंद. म्हणून पहिल्या जोडाशी चांगला मिक्सर लागतो. नळीची गुंडाळी केली तरी फायदा होतो. वळणावर द्रवात आडवे भोवरे तयार होतात. डब्ल्यू. आर. डीन यांनी 1927 मध्ये त्यांचं गणित मांडलं, म्हणून त्यांना डीन भोवरे म्हणतात.

याचा प्रदूषणाशी थेट संबंध आहे. नायट्रेशनमध्ये जिथे आम्ल साचतं तिथे एकदा नायट्रो झालेला रेणू दुसऱ्यांदा नायट्रो होतो. हा डायनायट्रो पुढे क्रिस्टलायझेशनमध्ये काढावा लागतो आणि मदर लिकरमध्ये जातो. मग तो ड्रममध्ये भरून विल्हेवाटीला पाठवा. अशुद्धी म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला कच्चा माल पुन्हा पैसे देऊन फेकणं. चांगल्या मिश्रणाने तो कचरा जन्मालाच येत नाही.

5. सगळ्या रिॲक्शनना नळी मानवत नाही

वेगवान, गरम किंवा धोकादायक, या तीन गुणांपैकी एक तरी असेल तर फ्लोचा विचार करावा. नायट्रेशन, डायाझोटायझेशन, हायड्रोजनेशन, ओझोन, ऑर्गॅनोलिथियम ही ठरलेली गिऱ्हाइकं. बारा तास रिफ्लक्स मागणारं सुस्त एस्टरिफिकेशन वरवर बघता बाद ठरतं.

वरवर बघता म्हणतो, कारण नळीत दाब देणं सोपं असतं. मिथेनॉल एरवी 65 अंशांना उकळतं. 20 बार दाबाखाली ते 150 अंशांवरही द्रवच राहतं. दर 10 अंशांना वेग दुप्पट, हा आपला जुना ढोबळ नियम. 65 वरून 145 वर गेलं तर आठ वेळा दुप्पट, म्हणजे 256 पट. बारा तासांची रिॲक्शन कागदावर तीन मिनिटांवर येते. प्रत्यक्षात साइड रिॲक्शनही तितक्याच जोरात धावतात, म्हणून आधी छोट्या बंद व्हायलमध्ये करून बघायचं. तिथे माल जळाला तर नळीतही जळेल.

6. खरी कमाई रसायन बदलण्यात आहे

नायट्रोपासून अमाइन करायला आपल्याकडे लोखंडाचा भुगा आणि आम्ल ही जुनी पद्धत. स्वस्त, भरवशाची, आणि गाळाचे डोंगर उभे करणारी. समीकरण मांडून बघा. 1 किलो ॲनिलिनमागे सुमारे 1.35 किलो लोखंड लागतं आणि कोरडा धरला तरी सुमारे 1.9 किलो ऑक्साइडचा गाळ निघतो. मालापेक्षा कचरा जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्षात तो ओला असतो, त्याला माल चिकटलेला असतो. फिल्टर प्रेस उघडली की ती काळी, वाफाळती ढेकळं फावड्याने ओढावी लागतात. मग ती घातक कचरा म्हणून तळोज्यासारख्या ठिकाणी पाठवायची.

हायड्रोजनने तेच काम केलं तर किलोमागे 0.4 किलोच्या आसपास पाणी निघतं, बस. मग सगळे हायड्रोजन का वापरत नाहीत? भीतीने, आणि ती भीती खोटी नाही. नायट्रोच्या हायड्रोजनेशनमध्ये दर मोलला 500 किलोज्यूलहून जास्त उष्णता सुटते. मधल्या टप्प्यावर हायड्रॉक्सिलअमाइन साचलं तर तेही धोक्याचं. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली हायड्रोजनचा साठा असतो. शेवटी पॅलेडियम-कार्बन हा कॅटलिस्ट गाळताना तो हवेत कोरडा पडला तर पेट घेतो.

फ्लो इथे मदतीला येतो. कॅटलिस्ट कॉलममध्ये ठासून भरलेला असतो, तो बाहेर काढून गाळायचा नसतो. आत कोणत्याही क्षणी हायड्रोजन थोडाच असतो. संपर्काचा वेळ मोजून देता येतो, म्हणून रेणूवर क्लोरीन असेल तर तो वाचवण्याची शक्यताही वाढते. नळीने ॲनिलिन हिरवं झालं नाही. लोखंड सोडायचं धाडस करता आलं, म्हणून झालं. माझ्या सगळ्या कामात सर्वांत मोठी घट मी इथेच पाहिली.

7. हिरवेपणा वजनकाट्यावर ठेवा

रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये ई-फॅक्टर मांडला : किलोभर मालामागे किती किलो कचरा. त्यांच्या कोष्टकात तेलशुद्धीकरणाचा आकडा 0.1 च्याही खाली, मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांचा 1 हून कमी ते 5, फाइन केमिकलचा 5 ते 50 किंवा जास्त, आणि औषधांचा 25 ते 100 किंवा त्याहून जास्त. जितका माल महाग आणि प्रमाण कमी, तितका कचरा जास्त. आपण नेमके या शेवटच्या दोन गटांत बसतो.

फ्लोमध्ये एक सापळा आहे. नळीत सगळं विरघळलेलं हवं, म्हणून माणूस पातळ करत सुटतो. 20 टक्क्यांच्या द्रावणात किलोभर मालामागे 4 किलो सॉल्व्हंट असतं. 5 टक्क्यांवर आणलं की 19 किलो. ते परत मिळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला इंधन. रिॲक्टर चिमुकला झाला आणि डिस्टिलेशनचा कॉलम रात्रंदिवस धडधडायला लागला, तर कोणतं पर्यावरण वाचलं? नायट्रेशनमधलं स्पेंट ॲसिड, म्हणजे वापरून झालेलं आम्ल, तेही नळीने नाहीसं होत नाही. त्याची वेगळी सोय लावावीच लागते. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी बॅचचा ई-फॅक्टर काढून भिंतीवर लावावा आणि प्रत्येक बदलानंतर नवा आकडा त्याच्या खाली लिहावा.

8. चोकिंग आधी दाबात दिसतं

फ्लोचा खरा शत्रू म्हणजे घन पदार्थ. रिॲक्शनमध्ये मीठ पडलं की ते सगळ्यात अरुंद जागी, बहुधा बॅक प्रेशर रेग्युलेटरमध्ये, जाऊन बसतं. नळी एकाएकी बंद होत नाही. आधी प्रेशर गेजचा काटा थरथरतो, मग पाव-अर्धा बार वर जाऊन तिथेच राहतो, मग थोडा आणखी. आउटपुटमध्ये अजून काहीच फरक नसतो, पण या घटकेला सॉल्व्हंट फिरवलं तर गाडी वाचते. तासाभराने लक्ष गेलं तर नळी कापून टाकावी लागते.

उपाय साधे आहेत. प्रत्येक फीडला गाळणी. सोडियम क्लोराइडसारखं मीठ सॉल्व्हंटमध्ये खाली बसणार असेल, तर बेस बदला. ट्रायब्यूटिलअमाइनसारखा बेस घेतला तर त्याचं हायड्रोक्लोराइड बऱ्याच सॉल्व्हंटमध्ये विरघळून राहतं. किंवा थोडं पाणी सोडा, मीठ त्यात उतरेल. पिगमेंटसारखा मालच घन असेल तर बारीक नळीचा नाद सोडा. तिथे लहान ढवळत्या भांड्यांची साखळी बरी.

9. पंपाच्या डिस्प्लेवर विसंबू नका

बॅचमध्ये माल वजन करून टाकला की प्रमाण पक्कं झालं. फ्लोमध्ये प्रमाण दर क्षणाला पंप ठरवतात. एकाच्या चेक व्हॉल्व्हमध्ये कण अडकला की डिस्प्लेवर आकडा तोच राहतो आणि प्रत्यक्षात द्रव कमी येतो. म्हणून फीडचा कॅन काट्यावर ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांनी किती ग्रॅम घटलं ते लिहायचं. नवीन मुलांना हे काम कारकुनी वाटतं. पण वजन खोटं बोलत नाही.

पंपासोबत नळी कशाची घ्यायची हेही ठरवायचं. साधं स्टेनलेस स्टील क्लोराइड आणि आम्ल एकत्र आले की खड्डे पडून जातं. अशा ठिकाणी हॅस्टेलॉय, काच, सिलिकॉन कार्बाइड किंवा फ्लोरोपॉलिमर घ्यावं. स्वस्त नळी घेऊन पंधरा दिवसांनी गळती शोधत बसण्यापेक्षा ते परवडतं.

10. नळीनंतरची टाकी विसरू नका

रिॲक्शन मिनिटात झाली आणि बाहेर आलेला माल दिवसभर 5,000 लिटरच्या टाकीत जमा करून संध्याकाळी क्वेंच केला, म्हणजे रिॲक्शन तेव्हा थांबवली, तर साठा परत आला, थांबलेले तास परत आले, साइड रिॲक्शनही परत आल्या. ऑरगॅनिक आणि ॲक्वस थर वेगळे करायला वाहतं सेपरेटर किंवा सेंट्रिफ्युगल एक्स्ट्रॅक्टर, सॉल्व्हंट उडवायला थिन फिल्म इव्हॅपोरेटर, हे रिॲक्टरच्या बरोबरीने ठरवावं. थिन फिल्म इव्हॅपोरेटर आपल्याकडच्या कितीतरी प्लँटमध्ये आधीच उभे आहेत. रिॲक्टरचा पैसा मंजूर होतो आणि वर्कअपचा, म्हणजे या नंतरच्या कामांचा, ‘पुढच्या वर्षी बघू’ होतो, तिथे फ्लोचे प्रकल्प लंगडे पडतात.

11. लहान यंत्र, पण चालतं चोवीस तास

आमच्या एका प्लँटवर फ्लोची स्किड, म्हणजे एका चौकटीवर मांडलेली यंत्रणा, बसवली, तेव्हा जुने ऑपरेटर मामा तिच्याभोवती फेरी मारून म्हणाले, ‘‘साहेब, हे ठीक आहे. पण रिॲक्टर कधी येणार?’’ त्यांना मी पाटीवर हिशेब करून दाखवला. नळीचं आकारमान 100 मिलिलिटर, आतला वेळ 1 मिनिट. म्हणजे मिनिटाला 100 मिलिलिटर, तासाला 6 लिटर, दिवसाला 144 लिटर. दर 100 मिलिलिटरला 20 ग्रॅम माल धरला तर दिवसाला जवळजवळ 29 किलो. महिन्याचे 25 दिवस चाललं तर 700 किलोच्या वर. मामा हसले, पण पुढे त्या स्किडचे सर्वांत चांगले ऑपरेटर तेच झाले. काट्याची थरथर त्यांना ग्राफच्या आधी कळायची.

या हिशेबातली मेख ‘चोवीस तास’ या शब्दांत आहे. सुरुवातीला प्रवाह स्थिर व्हायला साधारण तीन रेसिडेन्स टाइम, म्हणजे नळीतल्या वेळेच्या तिप्पट वेळ, जातो, तोवरचा माल बाजूला काढावा लागतो. रोज संध्याकाळी बंद आणि सकाळी सुरू, असं केलं तर या बाजूला काढलेल्या मालानेच फायदा खाऊन टाकला म्हणून समजा. पावसाळ्यात वीज गेल्यावर कोणता पंप आधी थांबला पाहिजे, कोणत्या प्रवाहाने नळी धुवायची, हे आधी ठरलेलं, लिहिलेलं आणि शिफ्टमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ असलं पाहिजे. आम्ही ठरवलेला क्रम असा : आधी आम्ल बंद, मग सब्स्ट्रेट, आणि सॉल्व्हंटचा पंप इन्व्हर्टरवर चालूच.

12. परवानगीपेक्षा जुना रिॲक्टर आड येतो

‘नियामक मान्य करणार नाहीत’ ही सबब आता टिकत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2015 मध्ये व्हर्टेक्सच्या ऑर्कॅम्बी या गोळीला कंटिन्यूअस उत्पादनासह मान्यता दिली. 2016 मध्ये जॅन्सेनच्या प्रेझिस्टाला बॅचवरून कंटिन्यूअसवर यायला परवानगी मिळाली. ही दोन्ही उदाहरणं गोळ्या बनवण्याची आहेत. रेणू बनवण्याचं उदाहरण हवं असेल तर 2017 मध्ये एलाय लिलीने प्रसिद्ध केलेलं काम पाहा. आयर्लंडमधल्या किनसेलला त्यांनी कर्करोगावरच्या एका प्रायोगिक औषधाचा 24 किलो माल, दिवसाला 3 किलोच्या गतीने, फ्यूम हुडमध्ये मावेल अशा सामग्रीवर काढला. नोव्हेंबर 2022 मध्ये आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची कंटिन्यूअस उत्पादनावरची क्यू13 ही मार्गदर्शक तत्त्वंही पक्की झाली.

खरी अडचण वेगळी आहे. शेडमध्ये उभा असलेला जीएलआर कधीच फिटलेला असतो. हिशेबाच्या वहीत तो फुकट असतो, फ्लोची स्किड मात्र नव्या कर्जाची. त्या फुकटच्या भांड्याचं ब्राइनचं बिल, बर्फ, गाळाची वाहतूक, सीईटीपीचा (सामायिक सांडपाणी केंद्राचा) आकार आणि विम्याचा हप्ता वेगवेगळ्या पानांवर लिहिलेले असतात, म्हणून कुणाला दिसत नाहीत. ते एका पानावर आणा. आकडे पाहिल्यावर मालकांचं मन वळायला माझं भाषण लागत नाही.

13. विद्या जवळच आहे

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अमोल कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं याच विषयात काम करत आहेत. नायट्रेशन, रंग, चांदीच्या नॅनोवायर असं बरंच काही त्यांनी कंटिन्यूअस पद्धतीने करून दाखवलं आहे. या कामासाठी त्यांना 2020 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारही मिळाला. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे आपली जुनी यूडीसीटी, 1933 पासून रासायनिक उद्योगासाठी माणसं घडवते आहे. इतकं सगळं दोन-तीन तासांच्या अंतरावर असताना छोटा कारखानदार परदेशी यंत्राच्या कॅटलॉगवरून निर्णय घेतो, याचं वाईट वाटतं. यंत्र शेवटी घ्यायचं असतं. आधी आपल्या रिॲक्शनची उष्णता कॅलरीमीटरवर मोजून घ्यावी, वेग मोजावा, मीठ कुठे पडतं ते पाहावं.

नोकरीत असलेल्यांना एवढंच सांगणं आहे. आपल्या प्लँटमधली सर्वांत जोखमीची एक स्टेप निवडा, एकच. तिच्यापुढे तीन आकडे लिहा : एका वेळी भांड्यात किती धोकादायक माल असतो, रिॲक्शनला खरोखर किती मिनिटं लागतात आणि बॅचला किती तास जातात, आणि किलोभर मालामागे किती सांडपाणी नि गाळ निघतो. हे तीन आकडे हातात असतील तर फ्लो तुमच्या कामाचा आहे की नाही ते एका दुपारात कळेल. नसतील, तर यंत्राचं कोटेशन मागवू नका.